वऱ्हाड नावाचे तीन फोल्डर

अकोल्याच्या एका छोट्या छापखान्यात विंडोज ९८वर चालणारं एक मशीन आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाची पत्रकं, सगळं त्यावरच्या पेजमेकर ६.५मध्ये जुळतं. मागच्या बाजूला पॅरलल पोर्टवर फॉन्टचं लॉक खोचलेलं आहे. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो, म्हणून मशीन बदलत नाही. छापखान्याच्या मालकांना आम्ही काकाच म्हणतो. त्यांना मी दोन-तीनदा विचारलं, बदलून का टाकत नाही? काका म्हणाले, "अरे बावा, मशीन चालू हाय, पेजमेकर चालू हाय, मी त्याच्यावर पत्रिका छापून रायलो. मंग फेकू काहून?"

तेव्हा माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आता वाटतं, उत्तर नव्हतं तेच बरोबर होतं.

माझी आई शिक्षिका होती. दर्यापूर तालुक्यातल्या गावांत सुट्टीच्या दिवशी एसटीनं जाऊन तिनं बारा वर्षं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. अकराशेच्या आसपास. २००३ साली काकांच्या छापखान्यात त्या सगळ्या टाइप झाल्या, पण कागदाचा आणि बाइंडिंगचा हिशेब लागला तेव्हा पुस्तकात चारशेच गेल्या. तीनशे प्रती निघाल्या, बहुतेक वाटल्या गेल्या. उरलेल्या सातशे ओव्या काकांच्या डिस्कवर राहिल्या, आणि आई म्हणाली, "राहू द्या, दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा पाहू." वह्या वाळवीनं खाल्ल्या. आई २०१७ साली गेली. २०२४च्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या आवृत्तीचं मनावर घेतलं आणि काकांना फोन केला, तर काका म्हणाले, आठ दिवसांपूर्वीच एक भानगड झाली आहे.

भानगड अशी. संध्याकाळी वीज गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळ्यानं आधीच मेलेली होती, मशीन फाइल सेव्ह करता करता बंद पडलं. पुन्हा सुरू झाल्यावर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क आलं, इंग्रजीत काही विचारत राहिलं, आणि काका एंटर दाबत राहिले. शेवटी फोल्डर गेले होते. त्यांच्या जागी मुळाशी तीनशेच्या वर फाइली होत्या: फाइल०००० डॉट सीएचके, फाइल०००१ डॉट सीएचके, अशा. मी डिस्क काढून पिशवीत घातली आणि अमरावतीला आणली. ज्या अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२मध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण सलग करून विश्वविक्रम झाला, त्याच रस्त्यानं. (विक्रम बरोबरच आहे, गाडी आता हलत नाही. पूर्वीच्या रस्त्यानं डिस्क आणायची हिंमत केली नसती.)

तीन महिन्यांत सातशेपैकी साडेचारशेच्या वर ओव्या जुळल्या. बाकीच्यांपैकी काहींची पहिली ओळ आहे, काहींची दुसरी.

हे रडगाणं सांगायचं कारण वेगळं आहे. जे साडेचारशे मिळालं ते का मिळालं, आणि जे गेलं ते का गेलं, या दोन प्रश्नांची उत्तरं उलटसुलट आहेत. माझा मुद्दा त्या उलटसुलटपणात आहे.

फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर कुठली गोष्ट कुठे ठेवली याची खतावणी. विंडोज ९८ची खतावणी म्हणजे फॅट, १९७७मध्ये मार्क मॅकडोनाल्डनं मायक्रोसॉफ्टसाठी रचलेली आणि पुढे ताणत ताणत मोठी केलेली. तिची रचना इतकी साधी की कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर समजते: डिस्कचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यापुढे 'पुढचा तुकडा अमुक' अशी नोंद. ही रचना जगभर माहीत आहे, छापलेली आहे. म्हणूनच मी घरी बसून साखळ्या जोडू शकलो. पण ही खतावणी वीज जाईल हे गृहीत धरत नाही. साखळ्यांच्या टेबलाच्या दोन प्रती असतात खऱ्या, पण त्या एकामागून एक लिहिल्या जातात, आणि फोल्डरमधली नावांची यादी तर एकच असते. त्या क्षणाच्या मध्ये वीज गेली की खेळ संपला. भारनियमनाच्या वर्षांत वऱ्हाडात ज्यांनी कॉम्प्युटर चालवला त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरीकडे विंडोज एक्सपीसोबत घराघरांत आलेली एनटीएफएस. ही १९९३ची. वीज गेली तर काय करायचं याचा विचार तिच्यात आहे. आधी रोजनामा लिहायचा, मग खतावणी. पण तिची पूर्ण रचना मायक्रोसॉफ्टनं कधी अधिकृतपणे खुली केली नाही. लिनक्सवाल्यांनी ती वर्षानुवर्षं डिस्कच्या बाइट्सकडे बघून ओळखली, आणि लिहिणं-वाचणं दोन्ही नीट करणारा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात यायला २०२१ उजाडलं. म्हणजे जी उघडी आहे तिला सांभाळता येत नाही, आणि जी सांभाळते ती उघडत नाही.

आमच्या भागात ही गोष्ट नवी नाही. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटानं लीळाचरित्र लिहिलं. परंपरा सांगते की मूळ पोथी धाडीत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून पाठ पुन्हा उभा केला. मग पंथानं ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले, सकळ लिपीत. ग्रंथ वाचले, फार उत्तम वाचले, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसासाठी ते शतकानुशतकं नव्हतेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे-भावे यांच्या पिढीनं लिपीची किल्ली मिळवली, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास मागे सरकवून पुन्हा लिहावा लागला. पंथाला दोष देण्यात अर्थ नाही, तेव्हाच्या माणसांना तेव्हाची भीती होती. पण आज आपल्याला कसली भीती आहे, की आपण आपले कागद दुसऱ्याच्या सकळ लिपीत ठेवून निवांत झोपतो?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जी जुनी मशीनं चालू आहेत त्यांच्यासाठी, विंडोज एक्सपी आणि सेव्हनसाठी, एक नवी, खुली फाइल सिस्टीम रचली पाहिजे, आणि ती इथे रचली पाहिजे. यावर मी मित्रांशी भांडून झालो आहे. त्यांचे आक्षेप ऐकवतो.

पहिला आक्षेप पुण्यातल्या मित्राचा, आणि तो हसत हसत घेतला गेला. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ला काढून घेतला. मेलेल्या घोड्याला नवा खोगीर कशाला? मशीन फेका. पण फेकण्यावर नेमकं काय अवलंबून आहे? फॉन्टचं लॉक, जुना प्लेटसेटर, जिनिंगच्या काट्यावरचा प्रोग्राम, पतसंस्थेचं खातं. ही मशीनं इंटरनेटला जोडलेली नाहीत, म्हणून सुरक्षिततेचा बागुलबुवा त्यांना लागू होत नाही. आणि मित्र विसरतो की जुनी सिस्टीम मेलेली आहे यातच सोय आहे. ती आता बदलणार नाही. आज लिहिलेला ड्रायव्हर पुढच्या मंगळवारच्या अपडेटनं मोडणार नाही. आटलेल्या मोर्णेवर पूल बांधणं पुरातल्यापेक्षा सोपं. शिवाय ३२ बिटच्या एक्सपीला ड्रायव्हरवर कंपनीची सही लागत नाही, फक्त ती कुरकुर करते. नव्या विंडोजला २०१६पासून मायक्रोसॉफ्टची सही असल्याशिवाय ड्रायव्हर गाभ्यात शिरू देत नाही. म्हणजे ज्या घराचं दार आपल्यासाठी उघडं आहे ते घर जुनं आहे, आणि नव्या घराच्या दारात पहारेकरी.

हे कुणी केलेलंच नाही असंही नाही. कमोडोर कंपनी एप्रिल १९९४मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि १९९८मध्ये, कंपनी मेल्यावर चार वर्षांनी, जॉन हेन्ड्रिक्स नावाच्या माणसानं तिच्या अमिगा कॉम्प्युटरसाठी स्मार्ट फाइल सिस्टीम लिहिली, जी मधेच वीज गेली तरी डिस्क शाबूत ठेवायची. पुढे तिचा सोर्सही खुला झाला. मार्क हार्मस्टोन यांनी लिनक्सची बीटीआरएफएस विंडोजसाठी मुळापासून पुन्हा लिहिली, एक्सपीपासून पुढे चालेल अशी, सोर्ससकट.

मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. एवढं सगळं आहे तर तेच वापरा, नवी कशाला?

इथे मला वाचकाकडून एक छोटा प्रयोग करून हवा आहे. तुमच्या मशीनवर 'वऱ्हाड' नावाचा फोल्डर करा. वऱ्हाडमधला तो र, जो डोक्यावर रफार होऊन चढत नाही, युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जेची कळ मारली तर ऱ असं एकच चिन्ह येतं. किंवा साधा र घेऊन त्याखाली नुक्ता. किंवा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखे. डिस्कवर पहिला अठरा बाइट, उरलेले दोन प्रत्येकी एकवीस. विंडोज ११ असो की लिनक्सची ext४, तुम्हाला एकाच जागी वऱ्हाड नावाचे तीन फोल्डर करू देते, आणि कुठल्यात काय ठेवलं ते तुमचं तुम्ही ओळखा. माझ्या ओळखीच्या एका कार्यालयात 'शेतकऱ्यांची यादी' अशा दोन फाइली होत्या, एक इनस्क्रिप्टवाल्या बाईंची, एक फॉनेटिकवाल्या साहेबांची. सहा महिने दोघंही आपापली दुरुस्त करत होते.

लिनस टॉर्वाल्ड्सचं मत असं की फाइल सिस्टीमनं या भानगडीत पडूच नये, नाव म्हणजे बाइट्स, जसे दिले तसे ठेवावेत. या मताला अनुभवाचं पाठबळ आहे, मी ते उडवून लावत नाही. पण 'नाव म्हणजे बाइट्स' हे इंग्रजीत लिहिणाऱ्याला निरुपद्रवी वाटतं, कारण त्याचं एक अक्षर म्हणजे एक बाइट. ext४मध्ये नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजीत ती २५५ अक्षरं. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा-अनुस्वारालासुद्धा, तीन बाइट लागतात, म्हणजे ८५ चिन्हं. 'अतिवृष्टीमुळे बाधित शेतकऱ्यांची गावनिहाय यादी, दर्यापूर तालुका, खरीप हंगाम २०२४, दुरुस्त प्रत' हे कुठल्याही तहसिलीतलं नाव. पीडीएफचं इंग्रजी शेपूट धरून मोजून २५५ बाइट भरतं. त्यातला ऱ नुक्त्यानं टाइप केला असेल तर तीच फाइल, तेच नाव, लिनक्सवर कॉपी होत नाही.

आणि जिथे फाइल सिस्टीमनं या भानगडीत पडायचं ठरवलं तिथे काय झालं ते पाहा. २०१९पासून ext४मध्ये एक ऐच्छिक सोय आहे, लहान-मोठ्या लिपीचा भेद न करता नावं जुळवणारी. अनेक अँड्रॉइड फोनांत ती वापरली जाते. ही सोय नावं जुळवताना न दिसणारी चिन्हं गाळते. त्यात आपला झेडडब्ल्यूजेही गळतो. गळला की काय उरतं? र, हलन्त, य. म्हणजे रफार. त्या जोडकानं लिहिलेल्या 'दऱ्या' आणि समुद्र म्हणजे 'दर्या' हे एकच नाव. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' एकच, स्वयंपाकी आणि गुरुजी एकाच पानावर. ज्यानं हा नियम लिहिला त्याचा मराठीवर राग नव्हता. त्याच्यासमोर मराठी नव्हती, इतकंच. २०२४च्या अखेरीस तो नियम बदलून पाहिला, तर जुन्या डिस्कांवर आधीच लिहिलेल्या अशा नावांची खूण बदलली आणि फाइली सापडेनात. बदल मागे घ्यावा लागला. एकदा डिस्कवर उतरलेली चूक अशी दगडावर कोरली जाते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. आनंद आहे, पेढे मीही खाल्ले. पण ज्या प्रश्नावर मराठीचं म्हणणं विचारायला कुणी आलंच नाही, तो प्रश्न डिस्कच्या पातळीवर सुटून बसला आहे, आणि चुकीचा सुटला आहे. भाषेच्या नावानं चालणाऱ्या किती संस्थांनी युनिकोडच्या नावजुळणीवर एक टिपण लिहिलं? फॉन्ट काढले, कीबोर्ड वाटले, शब्दकोशांची ॲपं केली. खतावणीकडे कुणी बघितलं नाही, कारण खतावणीचं उद्घाटन करता येत नाही.

नवी का, याचं उत्तर हेच आहे. जुन्यांत नाव जुळवायचा नियम बदलता येत नाही. नव्यात तो पहिल्या दिवशी ठरवता येतो, आणि कुठला नियम, कितवी आवृत्ती, हे डिस्कच्या पहिल्या ब्लॉकमध्येच लिहून ठेवता येतं, म्हणजे पुढे चूक कळली तरी जुनी डिस्क जुन्या नियमानं वाचली जाईल. नाव माणसानं टाइप केलं तसंच ठेवायचं, जुळवताना मात्र तिन्ही ऱ एक मानायचे आणि रफार वेगळा. लांबी चिन्हांत मोजायची, बाइट्समध्ये नाही. लिहिताना जुन्या तुकड्यावर कधीच लिहायचं नाही. नवा तुकडा पूर्ण लिहून झाला, त्याची बेरीज-तपासणी जुळली, की मगच खतावणीतला एक आकडा बदलायचा, म्हणजे वीज कधीही गेली तरी एक तर कालची खतावणी हातात असेल नाही तर आजची. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर तो कुठल्या फाइलचा कितवा, हे लिहायचं. त्यानं थोडी जागा जाते. जाऊ द्या. माझ्याकडे तीनशे सीएचके फाइलींत ही एक ओळ असती तर तीन महिन्यांचं काम एका संध्याकाळचं होतं.

आणि रचनेचं पुस्तक आधी, कोड नंतर. मराठीत, चाळीस-पन्नास पानांचं, असं की ते एकट्यावरून दुसऱ्या कुणाला डिस्क वाचणारा प्रोग्राम लिहिता यावा. कोड मरतो, भाषा बदलतात, कंपन्या बुडतात.

विंडोज ९८चं काय, असं काका विचारतील. ९८ला मी सोडून दिलं आहे हे कबूल करतो. तिच्यात वेगळ्या पद्धतीचा ड्रायव्हर लागतो, शिवाय देवनागरी नाव तिला कळतच नाही, ती नुसत्या आडव्या रेघा दाखवते आणि फाइल उघडत नाही. काकांसाठी उपाय एवढाच की रोज रात्री शेजारच्या एक्सपीवर प्रत. हा कमकुवत भाग आहे आणि मी तो लपवत नाही.

राहिला तिसरा आक्षेप: हे आपलं काम नव्हे, फाइल सिस्टीमवर विश्वास बसायला दहा वर्षं लागतात, बीटीआरएफएस २००७पासून सुरू आहे आणि अजून तिच्या काही कोपऱ्यांत जाऊ नका म्हणतात. खरं आहे. त्या मोठ्या फाइल सिस्टीमला हजार डिस्का एकत्र बांधायच्या असतात, दर सेकंदाला लाख फाइली लिहायच्या असतात. आपल्याला एका छापखान्याची एक डिस्क सांभाळायची आहे, हळू चालली तरी चालेल. अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव एवढ्या पट्ट्यात अभियांत्रिकीची किती मुलं दर वर्षी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हजेरीचं सॉफ्टवेअर करतात? मी अशा तोंडी परीक्षांना परीक्षक म्हणून बसलो आहे. हजेरी, ग्रंथालय, वसतिगृह, पुन्हा हजेरी. तीच मुलं ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात फॅटची आकृती सुबक काढतात. आकृतीतली डिस्क ही खरी वस्तू आहे, ती अकोल्यात आहे, तिच्यात कुणाच्या तरी आईच्या ओव्या आहेत, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, मला एक जुनी डिस्क द्या, मी तोडून बघते." तिला दिली. तिनं दोन महिन्यांत फॅट वाचणारा प्रोग्राम केला. माझ्या जुळलेल्या ओव्यांतल्या शेवटच्या साठ तिच्या आहेत.

आम्ही दोघांनी चाचण्यांची यादी आधी लिहून ठेवली आहे, रचनेच्या पहिल्या पानाच्याही आधी. पहिली चाचणी: वऱ्हाड नावाचा फोल्डर इनस्क्रिप्टनं करा, मग नुक्त्यानं करा, मग जोडकानं करा, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी सिस्टीमनं 'हा आधीच आहे' म्हटलं पाहिजे. दुसरी: 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी राहिले पाहिजेत, दऱ्या कशाही टाइप केल्या तरी. तिसऱ्या चाचणीसाठी काकांनी एक जुना एक्सपीवाला डबा दिला आहे. त्याची वायर एका टायमरच्या सॉकेटला लावली आहे. फाइल लिहिणं सुरू असताना टायमर वीज तोडतो, दोन मिनिटांनी परत देतो. रात्रभरात साधारण दोनशे वेळा. एनटीएफएसवर आणि फॅटवर ते सध्या सुरू आहे, आकडे वहीत उतरवतो आहोत.